ॲल्विन डिरीन कुठल्या टोकाला होता

ॲल्विन डिरीनला पिअर्स लँडिंगच्या शेडमध्ये सगळे सर्व्हेअर समजत. तो सर्व्हेअर नव्हता. पण खोटंही कधी बोलला नव्हता. यात कोणाची चूक झाली असेल, तर ती पिकलेटांची.

त्याचं असं झालं. ॲल्विनची सगळी नोकरी टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, रस्ते बांधणाऱ्या खात्यात गेली. छत्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर तो बायकोच्या, म्हणजे व्हर्नाच्या, गावी राहायला आला. ह्युऑन नदीच्या काठचं हे गाव, मागे सफरचंदांच्या बागा. आल्यावर पहिले दोन महिने तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. करायचा काही नाही, बोलायचा काही नाही, नुसता ताठ उभा. व्हर्नाला ओट्याकडून फ्रिजकडे जाताना दर खेपेला त्याला वळसा घालावा लागे. तिसऱ्या महिन्यात तिने त्याच्या हातात पिकलेटांचा, म्हणजे छोट्या जाडसर गोड धिरड्यांचा, डबा दिला आणि सांगितलं, मंगळवारी आणि गुरुवारी गावातले निवृत्त पुरुष शेडमध्ये जमून लाकूडकाम करतात, तर तू तिथे जाऊन उभा राहा.

शेड म्हणजे नदीला लागून असलेलं सफरचंदांचं जुनं कोठार. माणसं नऊ. ती पक्ष्यांची घरटी करत, शाळेची बाकं दुरुस्त करत आणि दहा वाजता चहाला बसली की साडेअकरापर्यंत उठत नसत. अध्यक्ष होता ऑसी फॅझाकर्ली. ऑसीने चाळीस वर्षं लोण्याच्या कारखान्यात मुकादमी केली. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली, आणि कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली तरी आवाज काही खाली आला नव्हता.

पहिल्याच दिवशी ऑसीने विचारलं, “काय करायचास रे तिकडे?”

“सर्व्हेला होतो,” ॲल्विन म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं. पुढचं वाक्यही त्याच्या मनात तयार होतं, पण तेवढ्यात त्याचाच डबा फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला आणि त्याने एक पिकलेट अख्खं तोंडात टाकलं. ते गिळून होईतो ऑसीने साऱ्या कोठाराला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं की आपल्याला आता स्वतःचा सर्व्हेअर मिळाला. चौघांनी येऊन हात मिळवले. पाचव्याने तर खांद्यावर हात ठेवला. आता या माणसांना परत बोलावून पुढचं वाक्य कसं सांगायचं, हे ॲल्विनला कळेना. पुढच्या मंगळवारी सांगू, असं त्याने ठरवलं. त्याला तीन वर्षं झाली.

पुढचं वाक्य असं होतं की मी काठी धरायचो.

रस्त्याची मोजणी करताना दोन माणसं लागतात. एक तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून उभा असतो, तो सर्व्हेअर. दुसरा पलीकडे, कुठे चिखलात, कुठे कड्याच्या काठावर, आकडे रंगवलेली लांबच लांब काठी घेऊन उभा असतो. काठी सरळ धरायची, हलायचं नाही, आणि पलीकडून हात वर झाला की पुढच्या जागी जायचं. ॲल्विनने छत्तीस वर्षं हे केलं आणि फार उत्तम केलं. पावसात, गारांत, जळवांच्या रानात. एकदा चावऱ्या मुंग्यांचं वारूळ नेमकं त्याच्या बुटाखाली आलं, तरी काठी तसूभर हलली नाही. मुंग्या पँटमधून वर चढत होत्या आणि तो डोळे मिटून उभा होता. दुसऱ्या एका वेळी कुरणातला बैल त्याच्यासमोर येऊन फुरफुरत उभा राहिला. लांबून सर्व्हेअर हातवारे करून ‘पळ, पळ’ असं ओरडत होता, पण वाऱ्यामुळे ॲल्विनला ते ‘धर, धर’ असं ऐकू आलं. त्याने धरली. शेवटी बैलच कंटाळून निघून गेला.

व्हर्ना त्याला भेटली तीही या काठीमुळेच. ती तेव्हा एका खेड्यातल्या खानावळीत स्वयंपाकाला होती. खिडकीतून समोरच्या टेकडीवर तिला सकाळी एक खांब दिसला. दुपारी तो खांब दुसऱ्या जागी दिसला. तिसऱ्यांदा गारा पडत असताना तो शिंकला, तेव्हा ती छत्री आणि चहा घेऊन वर गेली. त्याने चहा घेतला नाही. हात मोकळा नव्हता. तिने त्याला कपाने चहा पाजला, आणि पुढे वर्षभरात लग्न झालं.

असा हा माणूस. त्याला आता लोक येऊन बांधांचे, कुंपणांचे, गटाराच्या उताराचे सल्ले विचारू लागले. ॲल्विन नीट ऐकून घ्यायचा, नदीकडे बघायचा आणि म्हणायचा, “बघावं लागेल.” यात त्याने कधी कोणाला काही सांगितलं असं होत नसे, पण ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं. ऑसीने तर स्वतःच्या घराचं नवं कुंपण त्याला दाखवून घातलं. ॲल्विन तेव्हा फक्त ‘हं’ म्हणाला होता. ऑसीने दारामागच्या लाकडी फळ्यावर पदाधिकाऱ्यांच्या नावांखाली रंगाने लिहिलं: तांत्रिक सल्लागार, ॲ. डिरीन.

या सगळ्याला धक्का लागला तो शेडमधल्या टेबल सॉमुळे.

हे करवतीचं मशीन एका होड्या बांधणाऱ्याच्या विधवेने शेडला दिलेलं. जाडजूड ओतीव लोखंडी माथा, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि उजव्या अंगाला चार बोल्टांनी लटकावलेलं दोन फुटी लोखंडी जोडटेबल, रुंद फळीला आधार मिळावा म्हणून. मशीन आणायला आठ जण गेले होते आणि आठही जण हुकूम सोडत होते. दाराच्या उंबऱ्याशी कोणीतरी ‘टेकवा’ म्हणालं, कोणीतरी ‘उचला’ म्हणालं, आणि सगळा भार क्षणभर त्या जोडटेबलावर आला. तेव्हापासून ते बाहेरच्या टोकाला खाली झुकलं होतं. फार नाही, जाड पुठ्ठ्याएवढं. पण करवतीला तेवढं पुरतं. रुंद फळी ठेवली की ती त्या बाजूला कलायची, आणि कड सरळ उभी कापली जाण्याऐवजी तिरपी कापली जायची.

यावर शेडचा उपाय असा होता की जोडटेबलाखाली एक टेकू लावायचा आणि टेकूच्या डोक्यावर बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तशा पुठ्ठ्याच्या चकत्या सारायच्या. किती, यावर एकमत नव्हतं. ऑसी चार म्हणे, दुसरे कोणी तीन म्हणे. चहाच्या वेळी कोणीतरी त्यातलीच एक काढून कपाखाली घ्यायचं आणि परत ठेवायला विसरायचं. पक्ष्यांच्या घरट्यांत हे सगळं खपून गेलं. घरटं वाकडं निघालं म्हणून कोणी पक्षी तक्रार घेऊन आला नाही.

मिस लव्हेट आल्या.

एनिड लव्हेट अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. गावातल्या शाळेत त्यांनी एकेचाळीस वर्षं शिकवलं. शेडमधले सहा जण त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्या दारात दिसल्या की सहाही जण आपोआप खिशातले हात बाहेर काढत. त्यांनी मापांचा कागद आणला होता. त्यांना स्वतःसाठी शवपेटी करून हवी होती. दुकानातली पुस्तिका त्यांनी पाहिली होती, पण त्यातल्या पेट्यांना हॉटेलातल्या खोल्यांसारखी नावं होती आणि आतून गुलाबी साटीन होतं. त्यांना साधी पाइनची हवी होती, घट्ट झाकणाची. रुंदीत एक इंच जास्त धरला होता, कारण त्या स्वेटर घालून जाणार होत्या.

ऑसीने छाती पुढे काढून सांगितलं, तीन आठवड्यांत पेटी तयार. तीन आठवड्यांनी मिस लव्हेट उशी घेऊन तपासायला आल्या. खुर्चीवर उशी टाकून त्या बसल्या, पर्समधून पेन्सिल काढली आणि झाकणाच्या फळ्या जिथे एकमेकींना मिळत होत्या तिथे टेकवली. पेन्सिल आत गेली आणि पेटीत पडल्याचा टक्क असा आवाज आला.

“ओसवाल्ड,” त्या म्हणाल्या. ऑसीला या नावाने हाक मारणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. “इथून वारा येईल.”

ऑसी म्हणाला की बाई, तेव्हा तुम्हाला तो लागणार नाही. त्यावर मिस लव्हेट एवढंच म्हणाल्या की तू चौथीतही असंच म्हणायचास, कोणाला काय कळतंय. पेन्सिल तेवढी काढून दे.

मग चर्चा झाली. लाकूड ओलं होतं इथपासून पातं बोथट आहे इथपर्यंत सगळं निघालं, आणि शेवटी सगळ्यांची बोटं जोडटेबलाकडे वळली. एकदा ते कायमचं सरळ करून टाका, असं ठरलं. आणि नऊच्या नऊ डोकी, म्हणजे ॲल्विन सोडून आठ, ॲल्विनकडे वळली. समपातळीचं काम. घरचा सर्व्हेअर असताना आणखी कोणाला विचारायचं?

ॲल्विनने नदीकडे पाहिलं. “बघावं लागेल,” तो म्हणाला.

“मग बघ की,” ऑसी म्हणाला. “गुरुवारी बघ.”

बुधवारभर ॲल्विन पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. व्हर्नाने विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही. शेडमधली गोष्ट तिच्या कानावर आली होती; तिने कणीक मळता मळता सांगितलं की तीन वर्षं मी सांगते आहे, बोलून टाक. आता बोल्ट सोडायचे असतील तर आधी तोंड उघड. त्याने मान हलवली आणि पडवीतून आपली पाणसळ शोधून काढली. काचेच्या नळीत हिरवं पाणी, त्यात बुडबुडा. बुडबुडा मधे आला की वस्तू समपातळीत. सर्व्हेअर लोक हेच करतात, हे त्याने छत्तीस वर्षं लांबून पाहिलं होतं.

गुरुवारी त्याने मशीनची वायर काढून ठेवली, टेकू आणि चकत्या बाजूला केल्या, बोल्ट सैल केले. पाणसळ जोडटेबलावर ठेवली आणि दोघांना बाहेरची कड हळूहळू वर उचलायला सांगितलं. बुडबुडा सरकत सरकत बरोबर मधे येऊन थांबला. ॲल्विनने बोल्ट आवळले. बुडबुडा तिथेच. ऑसीने सगळ्यांना बोलावून एकेकाला तो बुडबुडा दाखवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ॲल्विनला वाटलं, हे इतकं सोपं होतं तर आपण उगाच इतकी वर्षं घाबरत होतो.

झाकणाच्या नव्या फळ्या त्याच दिवशी कापल्या. मंगळवारी मिस लव्हेट उशी घेऊन आल्या. त्यांनी वरून पेन्सिल लावली, गेली नाही. ऑसीने आजूबाजूला विजयी मुद्रेने पाहिलं. मग त्यांनी झाकण उलटं करायला लावलं आणि आतल्या बाजूने पेन्सिल लावली. टक्क झालं नाही, पण निम्मी आत शिरली.

“आधी फट बाहेरून होती,” मिस लव्हेट म्हणाल्या. “आता आतून आहे. आणि मी आत असणार.”

फळ्या तपासल्या तर कडा पुन्हा तिरप्या होत्या, फक्त उलट्या दिशेने. ऑसी म्हणाला हे शक्यच नाही, बुडबुडा मधे आहे. जाऊन पाहिलं, तर बुडबुडा खरंच मधे होता. लाकडाचा दोष, हवेचा दोष, कोणी म्हणालं पृथ्वीच गोल आहे, त्याचा फरक पडत असेल. सगळे पुन्हा ॲल्विनकडे बघू लागले. ॲल्विन काठी नसतानाही काठी धरल्यासारखा उभा होता.

मिस लव्हेट त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवून घेतली.

“मिस्टर डिरीन, तुम्ही सर्व्हेला होतात ना?”

“हो.”

“माझे वडील रस्त्याच्या कामावर होते. त्यांच्याकडे मोजणीवाले यायचे, नेहमी दोघे. एक यंत्रापाशी आणि एक काठीपाशी.” त्यांनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली. “तुम्ही कुठल्या टोकाला होतात?”

तीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ॲल्विनच्या तोंडात या वेळी पिकलेटही नव्हतं.

“काठीच्या,” तो म्हणाला.

ॲल्विनने मग सगळं सांगितलं: यंत्राला त्याने कधी डोळाही लावला नाही, तो नुसता उभा राहायचा, पहिल्या दिवशीच सांगणार होता, पण तोंडात घास होता. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. सांगून झाल्यावर तो आपला डबा घेऊन घरी जायला निघाला.

मी तुझी ओळख महापौरांशी करून दिली, ऑसी म्हणाला, आणि ते इतक्या हळू आवाजात म्हणाला की लोक दचकले. मग त्याला आणखी काहीतरी आठवलं.

“आणि माझं कुंपण?”

“मी फक्त हं म्हणालो होतो.”

ऑसी खाली बसला. शेजाऱ्याच्या जमिनीत आपण किती शिरलो असू, याचा तो मनात हिशेब करत असावा. बाकीच्यांपैकी एकाला हसू आवरेना, मग दुसऱ्याला, आणि मग सगळेच हसू लागले. हसला नाही तो फक्त ऑसी.

मिस लव्हेटनी ॲल्विनला थांबवलं. “काठी धरण्यात वाईट काय आहे? ती सरळ नसेल तर पलीकडच्याला काय दिसणार, माती? ये इकडे. बस.” तिथून पुढे त्या त्याला अरे-तुरे करू लागल्या. “सकाळी कामाला गेलास की पहिली काठी कुठे धरायचास?”

ॲल्विनने विचार केला. पहिली काठी नेहमी एकाच जागी. रस्त्याकडेला दगडात ठोकलेली पितळी खूण असायची, तिच्यावर. सर्व्हेअर आधी ती वाचायचा, आणि मग दिवसभर जे जे मोजायचं ते त्या खुणेपासून वर किती, खाली किती, असं मोजायचा. खूण स्वतः उंच आहे की सखल, याची कोणी फिकीर करत नसे.

बोलता बोलता तो थांबला. उठला, पाणसळ उचलली आणि या वेळी ती जोडटेबलावर न ठेवता मशीनच्या मुख्य माथ्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला.

कोठाराची जमीन उतरती होती. सफरचंदांच्या दिवसांत धुतल्यावर पाणी नदीकडे वाहून जावं म्हणून ती बांधतानाच तशी बांधलेली. त्या जमिनीवर मशीन उभं, म्हणजे मशीनही उजव्या अंगाला कललेलं. आणि ॲल्विनने जोडटेबल साऱ्या जगाशी समपातळीत आणून ठेवलं होतं, फक्त मशीनशी सोडून. झुकलेल्या माथ्याला ते आता वर उचललेल्या पंखासारखं जोडलेलं होतं.

“जगाशी काही देणंघेणं नाही,” ॲल्विन म्हणाला. “मशीनचा माथा ही आपली खूण. जोडटेबल तिच्याशी जुळलं की झालं.”

तो असं ठामपणे बोलल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. त्याने लांब सरळ पट्टी मागितली. ऑसीने नाराजीनेच आपली लाकडी फूटपट्टी पुढे केली, जिचा त्याला फार अभिमान होता. ॲल्विनने ती फळीवर ठेवून रेघ मारली, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून दुसरी रेघ मारली. दोन रेघांच्या मधे केळ्याच्या आकाराची फट दिसली. ऑसीचा तो दिवस चांगला नव्हता. शेवटी जुन्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली, तिच्या दोन्ही रेघा एकावर एक आल्या.

मग काम सुरू झालं. बोल्ट सैल करून ॲल्विनने आधी सांध्याची पातळी जुळवली: लाकडी ठोकळा ठेवून मोगरीने हलके हलके ठोके देत, पुढून, मधून, मागून, नखाला अडखळणं बंद होईपर्यंत. मग पट्टी अशी ठेवायची होती की अर्ध्याहून जास्त मशीनच्या माथ्यावर दाबलेली आणि उरलेली जोडटेबलावरून बाहेर गेलेली. मागे विजेरी धरायची. पट्टीखालून उजेड जिथे दिसेल तिथे खड्डा. हे बघायला एकाने गुडघ्यांवर बसून डोळा टेबलाच्या रेषेत आणायला हवा, आणि दुसऱ्याने पट्टी अजिबात न हलवता धरायला हवी.

ॲल्विन सवयीने पट्टीकडे गेला. मिस लव्हेट म्हणाल्या, “तू नाही. ओसवाल्ड धरेल.”

ऑसीने पट्टी धरली. ॲल्विन गुडघे टेकून, एक डोळा मिटून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो या टोकाला होता, आणि पलीकडचा माणूस कसा दिसतो हे त्याला आता कळत होतं. ऑसी हलत होता. ऑसी नाक खाजवत होता. ऑसी विचारत होता, दिसलं का, आता दिसलं का.

“हलू नकोस,” ॲल्विन म्हणाला.

“हलत नाहीये.”

“बोलतोयस. बोलताना पोट हलतं, पोटाने पट्टी हलते.”

ऑसीने श्वास रोखला. चेहरा जांभळा झाला, पण पट्टी स्थिर राहिली. ॲल्विनने सावकाश बघून घेतलं आणि हात वर केला, जसा त्याने छत्तीस वर्षं लांबून वर होताना पाहिला होता. ऑसीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो आणखी अर्धा मिनिट श्वास रोखून उभा राहिला.

बोल्ट आवळले की जोडटेबलाची बाहेरची कड पुन्हा पूर्वीसारखी खाली जात होती. म्हणजे सांध्यात पातळ पॅकिंग घालायला हवं. ॲल्विनने बिअरच्या डब्याचा पत्रा चालेल असं सांगितलं. सकाळचे सव्वादहा झाले होते आणि फ्रिजमधले सगळे डबे भरलेले होते. पत्रा मिळण्यासाठी एक रिकामा करायला चार जण स्वखुशीने पुढे आले, आणि कामाला कमी पडू नये म्हणून चार डबे रिकामे करण्यात आले. पॅकिंग कुठे घालायचं यावर वाद झाला. ऑसीचं म्हणणं, कड वर न्यायची तर सांध्याच्या वरच्या अंगाला घाला. ॲल्विनने नुसतं बोलत न बसता तसं घालून दाखवलं. कड आणखी खाली गेली. मग पत्रा काढून सांध्याच्या खालच्या अंगाला, बोल्टांच्या बुडाशी सारला. खालून रेटा मिळाला आणि बाहेरची कड उचलली गेली. पुढच्या बोल्टाशी पत्र्याच्या दोन पट्ट्या लागल्या, मागच्या बोल्टाशी तीन. दर वेळी बोल्ट आवळायचे, ऑसीने श्वास रोखायचा, ॲल्विनने गुडघ्यांवर बसायचं. सहाव्या खेपेला पट्टीखालून उजेड यायचा थांबला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या दिवशी चहाला कोणी बसलं नाही. तिसऱ्यांदा फळ्या कापल्या, गुण्या लावून पाहिला, कडा काटकोनात. झाकण जोडलं. मिस लव्हेटनी बाहेरून पेन्सिल लावली, आतून लावली. मग पर्समधून पोस्टकार्ड काढून त्याचा कोपरा लावला. तोही जाईना, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि आत झोपून बघायची इच्छा सांगितली.

दोघांनी धरून त्यांना आत निजवलं. स्वेटरचा इंच अगदी बरोबर बसला. त्यांनी हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. नऊ जण गोल उभे होते. कोणी ठरवलं नव्हतं, पण एकेक करत सगळ्यांच्या टोप्या उतरल्या आणि माना खाली गेल्या. बराच वेळ गेला. ऑसी तर श्वास रोखायची नुकतीच शिकलेली कला वापरत होता.

“टोप्या घाला,” आतून आवाज आला. “मी फक्त लांबी बघते आहे.”

ऑसीने ॲल्विनशी पुढे दोन आठवडे अबोला धरला. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून आला आणि म्हणाला, शेजारी म्हणतोय की कुंपण उलट माझ्याच जमिनीत हातभर आत आहे, म्हणजे मीच जागा सोडली, आणि त्याबद्दल त्याने मला सफरचंदांची पेटी दिली आहे. अर्धी तू घे. फळ्यावरचं ‘तांत्रिक सल्लागार’ खोडायचं का, यावर बैठकीत ठराव मांडला गेला. ॲल्विन खोडा म्हणाला. बाकी आठ जणांनी राहू दे म्हणून मत दिलं, आणि ऑसीने पटाशीने टोकरून त्याच्याखाली स्वतःचं नाव जोडलं: पट्टीधारक, ओ. फॅझाकर्ली.

पेटी घरी पोचवायला ऑसीची गाडी आणि चार माणसं गेली. सगळी मापं दहादा तपासली होती, फक्त मिस लव्हेटच्या घराच्या बोळाचं वळण कोणी मोजलं नव्हतं. पेटी आडवी जाईना, उभी जाईना. मिस लव्हेटनी थोडा वेळ त्यांची धडपड पाहिली आणि सांगितलं, राहू दे व्हरांड्यातच; नाही तरी जाताना बाहेरच न्यायची आहे.

ती अजून तिथेच आहे. मिस लव्हेटना यंदा एक्क्याण्णव लागलं. थंडीच्या घोंगड्या त्या पेटीत ठेवतात, आणि वर बसून मटार सोलतात. ॲल्विन महिन्यातून एकदा जाऊन लाकडाला तेल लावतो, आणि मग तासभर त्यांच्याशेजारी झाकणावर बसतो. दोघांत एक पातेलं असतं. नदीवरून वारा येत असतो. मटार तो भराभर सोलतो, आणि त्याच्या शेंगांत अळी निघाली तर ती आधी तिकडे कुंपणापलीकडे फेकून मगच पुढची शेंग उचलतो, कारण बाईंना अळी बघवत नाही.